गुरुवारचे कच्चे बटाटे

मित्रांनो, मला उचलायचं असेल तर दोन्ही हात लावा. एका हाताने उचलायला जाल तर मनगट मुरगळेल. मी काचेचा आहे ना! जाड, लांबट, चार बोटं खोल, दोन्ही टोकांना धरायला कान असलेलं मी ओव्हनमधलं एक भांडं आहे. वय विचारू नका. माझ्या कोपऱ्यांत तपकिरी डाग बसलेत, ते आता कशानेही निघत नाहीत. नव्या भांड्यांना त्यांची किळस येते. येऊ दे बापड्यांना! मला ते डाग फार प्रिय आहेत, कारण एकेक डाग म्हणजे कुणाचं तरी पोटभर झालेलं जेवण आहे.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका काच कारखान्यात झाला. वाळू वितळवून केलेला लालभडक रस साच्यात ओतला, वरून दट्ट्या दाबला आणि झालो मी तयार. मग मला पुन्हा ऊब देऊन हळूहळू निववलं. घाईने निवलेली काच पहिल्याच चटक्याला तडकते, म्हणून आमच्या बाबतीत सगळा धीराचा मामला असतो. शेवटी एका बाईने मला दिव्यासमोर धरून उलटसुलट पाहिलं. कुठे बुडबुडा नव्हता की चीर नव्हती. तिने मान डोलावली आणि मला अगदी कृतकृत्य वाटलं.

तिथून मी पेंढ्यात गुंडाळून आगगाडीने निघालो तो थेट मिनेसोटात, रेड नदीच्या खोऱ्यातल्या एका लहानशा गावात येऊन पोहोचलो. मार्लिस नावाच्या मुलीचं लग्न होतं. तिच्या मावश्यांनी मला आहेर म्हणून दिलं. मार्लिसने माझं खोकं उघडलं, माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हे बघ, आता आपलं घर झालं." तिच्या लेखी घर म्हणजे चार भिंती नव्हत्याच. घर म्हणजे ओव्हनमधून निघणारं गरम जेवण.

आणि जेवण कुठलं? तर हॉटडिश! आमच्या भागात या नावाला फार मान आहे. करायला सोपं, खिशाला हलकं. थोडासा बीफचा खिमा कांद्याबरोबर परतायचा. बटाट्याचे पातळ काप करायचे. डब्यातलं मशरूमचं पांढरं सूप दुधात सैल करायचं. माझ्यात एक थर बटाट्याचा, एक थर खिम्याचा, वरून सूप, पुन्हा बटाटा, असं रचत जायचं आणि झाकून ओव्हनमध्ये सरकवायचं. शेवटी झाकण काढलं की वरचे काप सोनेरी होतात, कडेला खरपूस पापुद्रा धरतो. खिमा मूठभर का असेना, घरदार जेवून उठतं, कारण सगळा भार बटाटा उचलतो. आणि बटाट्याला आमच्या गावात काय तोटा! वेडेवाकडे, जोडलेले, नाक फुटलेले बटाटे बाजारात जात नाहीत. बटाटे धुण्याच्या शेडमध्ये त्यांचा ढीग पडलेला असतो, कामावरच्या माणसांनी हवे तेवढे न्यावेत.

मी वर्षानुवर्षं राबलो. बारशाला गेलो, मयताच्या घरी गेलो, कुणाचा पाय मोडला की त्याच्याकडे गेलो. इथली माणसं एक नंबरची भिडस्त. मनापासून आवडलं तरी म्हणणार, "वाईट नाही." त्याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही. आणि पदार्थ पार बिघडला असेल, घशाखाली उतरत नसेल, तर हसतमुखाने म्हणणार, "अगं, वेगळंच झालंय की!" हे ऐकलं की समजावं, बाईची अब्रू गेली.

पण ही भीड बाहेरच्यांसाठी. घरात मार्लिसचा नवरा पहिल्याच घासाला ओरडायचा, "मार्लिस, मीठ सांडलंस का गं यात?" आणि मार्लिस तिकडून म्हणायची, "मग उद्यापासून तू कर! मी बसते खुर्चीत पाय पसरून!" तेवढं झालं की दोघं पुन्हा वाढून घ्यायची. मला वाटायचं, सगळ्या घरांतून असंच असतं.

तसं नसतं, हे मला मार्लिसच्या लेकीच्या घरी गेल्यावर समजलं.

मार्लिस एकटी पडली, लहान जागेत राहायला गेली आणि मला तिने रेनेच्या स्वाधीन केलं. रेने म्हणजे तिची मुलगी. रेनेचा नवरा होता, सिग्ने नावाची चिमुरडी होती. त्या घरात कधी आवाज चढला नाही. "जरा मीठ देतोस का?" "हो, हे घे." "आभारी आहे." "काही हरकत नाही." सगळं कसं तुपातलं! मी मात्र टेबलाच्या मधोमध बसून गारठून जायचो. आणि एका सकाळी रेनेच्या नवऱ्याने बॅगा गाडीत ठेवल्या, दारात उभं राहून दोघींचे आभार मानले आणि गेला निघून. भांडण नाही, तंटा नाही. सिग्ने खिडकीला नाक लावून उभी होती. गाडी दिसेनाशी झाली तरी ती तिथून हलली नाही.

त्या दिवसापासून पोर अशी काही सभ्य झाली की बघवेना. हट्ट नाही, रुसणं नाही, "मला हे नको" नाही. आपण कुरकुर केली तर उरलेलं माणूसही उठून जाईल, असंच जणू तिच्या मनाने घेतलं होतं. रेने वृद्धाश्रमात कामाला लागली. तयार गोठवलेल्या जेवणाची खोकी घरात येऊ लागली. मग मला कोण विचारतो? एक दिवस सिंकखालचा नळ गळायला लागला आणि रेनेने मला त्याच्याखाली सरकवलं. मित्रांनो, ओव्हनची धग सोसलेला मी, अंधारात थेंब झेलत बसलो! टप, टप, टप. फार मानहानी वाटायची. वर्षं गेली तशीच.

मग डेल्मर आला.

डेल्मर बटाट्याच्या शेडमध्ये माल उचलायची गाडी चालवायचा. अंगाने दांडगा, बोलायला लाजाळू, हात केवढे तर फावडी! रेनेशी त्याचं जमलं आणि हिवाळ्याच्या तोंडावर दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं. घरी राहायला आल्या आल्या त्याने पहिलं काम कुठलं केलं असेल, तर सिंकखाली डोकं घालून तो नळ दुरुस्त केला. आणि तिथे मी त्याला सापडलो.

"अगं रेने! एवढं सोन्यासारखं भांडं इथे काय करतंय?"

त्याने मला घासलं, पुसलं, उजेडात धरलं. मला तो कारखान्यातला दिवा आठवला आणि खरंच गलबलून आलं. डेल्मर म्हणाला, "गुरुवारी तुझी पाळी उशिरा सुटते ना? मग गुरुवारचा स्वयंपाक माझा. हॉटडिश करतो. मार्लिसलाही घेऊन येतो. सगळे मिळून जेवू."

मी हरखून गेलो! पण तो गुरुवार उजाडला आणि माझं धाबं दणाणलं. डेल्मरने बटाट्याचे काप केले ते अंगठ्याएवढे जाड. आणि पांढऱ्या सुपाऐवजी त्याने माझ्यात ओतला अख्खा डबा टोमॅटोचा! अरे बाबा, आंबटात बटाटा शिजतो का कधी? तुमच्या घरी विचारा, डाळ शिजायच्या आधी चिंच घातली तर काय होतं ते. पण मला तोंड कुठे होतं सांगायला? तासभर मी ओव्हनमध्ये जीव खाऊन तापलो. वर सगळं लालचुटुक, खदखदतंय, वास तर असा की वाटेवरचा माणूस आत यावा. पण आत बटाटे जसेच्या तसे, ताठ.

टेबलाशी चौघं बसली. करकर, करकर. रेनेने घास चावला, आणखी चावला आणि म्हणाली, "किती कष्ट घेतलेस रे!" मार्लिस म्हणाली, "रंग तर काय सुरेख आलाय." आणि सिग्ने, तेव्हा चौदाव्या वर्षात पदार्पण केलेली, ताट रिकामं करून म्हणाली, "खूप छान होतं. आभारी आहे. मी उठू का?"

डेल्मरला काहीच कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. तर त्याला ते आवडलंच होतं! शेडमधली ही माणसं दुपारच्या सुट्टीत कच्च्या बटाट्याची फोड मिठाला लावून सफरचंदासारखी खातात. त्याच्या दाताला ती करकर सवयीची होती. वर सगळ्यांनी वाहवा केलेली. मग काय, गडी पेटला! दर गुरुवारी तोच बेत.

भांडी घासताना तो माझ्याशी बोलायचा. इतर कुणाशी मन मोकळं करायची त्याला चोरी. "काय रे," तो म्हणायचा, "पोर जेवते, पण पाहुण्यासारखी जेवते. 'आभारी आहे' म्हणते आणि खोलीत जाते. मी तिचा बाप नाही, ठाऊक आहे मला. पण एकदा तरी तिने ताट पुढे करावं आणि म्हणावं, डेल्मर, अजून वाढ. बस, एवढंच. मग मी गंगेत... छे, तळ्यात न्हालो म्हण!" आणि स्वतःशीच हसायचा. माझी काच आतून कळवळायची. कारण सिंकवरच्या खिडकीतून मला बाहेरचं दिसायचं. जेवण झालं की सिग्ने जॅकेट घालून मागच्या दाराने बाहेर जायची, गॅरेजच्या मागे वळायची, खिशातून कागदी रुमालाची पुरचुंडी काढायची आणि कच्च्या बटाट्याचे काप बर्फात पुरून टाकायची. आणि सगळा हिवाळा असाच गेला.

वसंतात सिग्नेचं कन्फर्मेशन ठरलं. पाद्र्यासमोर उभं राहून मुलांनी आपल्या श्रद्धेची ग्वाही द्यायची आणि मग चर्चच्या तळघरात सगळ्या गोतावळ्याने, गावाने जेवायचं, असा तो सोहळा. रेनेने केक सांगितला. डेल्मर छाती काढून म्हणाला, "मुख्य पदार्थ माझ्याकडे! आपली हॉटडिश."

रेनेच्या हातातली बशी निसटता निसटता राहिली. "तू कशाला त्रास घेतोस?"

"त्रास कसला? पोरीचा एवढा मोठा दिवस!"

तो बाहेर गेला तशी रेने आईकडे वळली. "आई, तू सांग त्याला."

"मी? वा गं वा! नवरा तुझा."

"जावई तुझा."

"मागच्या गुरुवारी माझी कवळी त्या बटाट्यात रुतली, तेव्हा तरी मी काही बोलले का? मी नाही बाई बोलणार. एवढा भला माणूस, त्याच्या तोंडावर कसं सांगायचं?"

आणि अशा रीतीने दोघीही गप्प बसल्या. डेल्मर बिचारा मोठ्या उमेदीने बटाट्याचं पोतं घेऊन आला.

शनिवार दुपारची गोष्ट. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. डेल्मर एकटाच स्वयंपाकघरात शीळ घालत बटाटे सोलत होता. खिमा परतून तयार होता. मी ओट्यावर, मोकळा. त्याने टोमॅटोचा डबा पुढे ओढला आणि तेवढ्यात सिग्ने चर्चमधली रंगीत तालीम आटोपून आली. अंगातलं जॅकेटसुद्धा न काढता ती दारातच उभी राहिली.

"डेल्मर."

"हं?"

"काही नाही. छान वास येतोय."

ती जिन्यापर्यंत गेली. थांबली. परत आली. तिचे कान लाल झाले होते.

"तो डबा उघडू नका!"

"का गं?"

"कारण बटाटे कच्चे राहतात!" तिचा आवाज असा फाटला की मी दचकलो. त्या घरात एवढा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "दर गुरुवारी कच्चे राहतात! दाताखाली करकर वाजतात! मी रुमालात गुंडाळून खिशात घालते आणि गॅरेजमागे टाकून येते. आता बर्फ वितळलंय, सगळे उघडे पडलेत, जाऊन बघा! आणि कुठून तरी गावालाही कळलंय, डेल्मर! आज चर्चमध्ये ती जेवणाचं बघणारी लाव्हॉन सगळ्या बायकांना सांगत होती, चमचाभर घ्यायचं, वेगळंच झालंय म्हणायचं आणि घरी जाऊन जेवायचं. सगळ्या खिदळत होत्या. उद्या तुमच्या तोंडावर गोड बोलतील आणि गाडीत बसून हसतील. मला नाही ते बघवणार!"

डेल्मरच्या हातातला डबा तसाच राहिला. "हिवाळाभर?" तो हळूच म्हणाला.

"हो."

"रेनेलाही ठाऊक होतं?"

"आईला, आजीला, सगळ्यांना."

डेल्मरने डबा खाली ठेवला. टॉवेलला हात पुसले. दार उघडून तो बाहेर गेला आणि दार मागे लागलं.

मित्रांनो, त्या पोरीचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. रंग पार उडाला. ओट्याची कड तिने घट्ट धरून ठेवली, माझ्या अगदी शेजारी. गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो का, ते ती ऐकत होती. मला कळत होतं तिला काय वाटतंय. ज्या घरात कुणी चढ्या आवाजात बोललं नाही, तिथूनही माणूस निघून गेलं होतं. आता तर तीच ओरडली होती. ती पुटपुटली, "का बोलले मी? का बोलले?" मला हात असते तर मी तिला जवळ घेतलं असतं.

दार उघडलं. डेल्मर आत आला. बूट चिखलाने बरबटलेले, आणि हातात काळाठिक्कर पडलेला बटाट्याचा एक काप.

"सिग्ने," तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मागे एवढ्या खारी आहेत. एकीनेसुद्धा दात लावलेला नाही गं!"

आणि तो हसायला लागला. असा हसला, असा हसला, की खुर्चीत बसावं लागलं. सिग्ने बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्यातच तीही हसायला लागली.

"तुम्ही... तुम्ही जाणार नाही?" तिने विचारलं.

"जाणार तर! ताबडतोब जाणार!" डेल्मरने किल्ल्या उचलल्या. "दुकान बंद व्हायच्या आत गेलं पाहिजे. आणि तू खांबासारखी उभी काय राहिलीस? चल की! ते पांढरं सूप कुठल्या फळीवर असतं ते मला काय स्वप्नात दिसणार आहे? बटाटे कच्चे राहिले म्हणून कुणी गाव सोडून जातं का, वेडे?"

सूप आलं, दूध आलं. डेल्मरने भिंतीवरचा फोन उचलून मार्लिसला लावला. "मार्लिस, खरं सांगा, माझे बटाटे कसे असायचे?"

तिकडून आवाज आला तो मलाही ऐकू गेला. "तसे... वेगळेच असायचे."

"अहो, भीड नको! सिग्नेने सगळं सांगितलंय."

"सांगितलं? अगं बाई, सुटले मी! दगड होते रे दगड, डेल्मर! माझी कवळी गेली असती त्यापायी! आता नीट ऐक. काप पातळ हवेत, सुरीचं पातं पलीकडून दिसेल इतके. टोमॅटोला घरात घेऊ नकोस. आणि आधी झाकून ठेव, शेवटी उघडं कर."

त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात जी काही जुंपली, वा! मी कान देऊन ऐकत होतो.

"केवढे जाड कापतोस! हे काय सरपण आहे?"

"आणि तुझे? फुंकर मारली तर उडतील!"

"कांदा पुरे!"

"कांद्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"माझं कन्फर्मेशन आहे, मी सांगेन तेवढाच कांदा!"

"अगं, पण खाणार गाव आहे!"

रेने कामावरून आली ती दारातच थबकली. आपल्या लेकीला असं तणतणताना तिने किती वर्षांनी पाहिलं असेल! ती पायरीवर बसली, बूट सोडायचे विसरली आणि नुसती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

रविवारी मला चर्चच्या तळघरातल्या ओव्हनमध्ये ठेवलं. वर सगळे प्रार्थना म्हणत होते आणि खाली मी माझं काम करत होतो. मी कडेकडेने ऊब आत सोडली, घाई केली नाही. सूप कडेला बुडबुडलं. मग मधोमध बुडबुडलं. आणि माझ्या बुडाशी टेकलेला पहिला काप जेव्हा मऊ पडला, तेव्हा मला ओरडून सगळ्या चर्चला सांगावंसं वाटलं, शिजला हो, शिजला!

लांबच लांब टेबलावर भांडी मांडली गेली. लोकांची रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढे लाव्हॉन. ही बाई इथल्या प्रत्येक जेवणाची मुखत्यार. तिने माझ्याकडे पाहिलं, शेजारणीला कोपर मारलं आणि नखाएवढा घास वाढून घेतला. तिच्यामागून येणारी सगळीच तशी. चिमूटभर घ्यायचं आणि पुढे सटकायचं. डेल्मर भिंतीशी उभा होता. त्याच्या अंगातला कोट त्याला आखूड होत होता आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

लाव्हॉनने तो घास तोंडात घातला. चावायच्या तयारीत होती ती, पण चावावं काही लागलंच नाही. तिने भुवया वर केल्या. ताटाकडे पाहिलं, डेल्मरकडे पाहिलं आणि ती तडक उठली. पुन्हा रांगेत! या खेपेला तिने डाव भरभरून वाढून घेतलं. तिचं पाहून शेजारीण उठली. शेजारणीचा नवरा उठला. पाद्रीबुवा झगा सावरत आले. बघता बघता माझ्याभोवती अशी झुंबड उडाली की बाकीची भांडी नुसती बघत बसली. चीज घातलेली, वर बिस्किटांचा चुरा पेरलेली, नटूनथटून आलेली सगळी! आणि मी, जुना, डागाळलेला, वाकड्या बटाट्यांनी भरलेला, सगळ्यात आधी रिकामा होत होतो. अभिमानाने माझी काच फुलून आली म्हटलं तरी चालेल. लाव्हॉन डेल्मरजवळ जाऊन म्हणाली, "वाईट नाही हो, डेल्मर. मुळीच वाईट नाही!" मार्लिसने हे ऐकलं आणि मान अशी ताठ केली की जणू तिनेच रांधलं होतं.

शेवटी माझ्या कोपऱ्यात एकच तुकडा उरला. आता आमच्याकडची एक रीत ऐका. शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. उचलला तर हावरट दिसेल ना! म्हणून एक जण येतो, अर्धा कापून नेतो. दुसरा येतो, उरलेल्याचा अर्धा नेतो. तुकडा बोटाएवढा होतो, नखाएवढा होतो, पण संपत नाही. त्या दिवशीही तसंच चाललं. जो तो येऊन थोडं कोरून जात होता आणि खरपूस कोपरा माझ्याच अंगाला चिकटून होता.

तेवढ्यात सिग्ने आली. शुभ्र झगा, छातीवर फूल लावलेलं. हातात ताट आणि मोठा चमचा. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. सगळ्या तळघरादेखत तिने तो शेवटचा तुकडा उचलला. एवढ्यावर थांबली नाही, तर माझा कोपरान् कोपरा खरवडला, खर्र खर्र, असा की टेबलाशी बसलेली माणसं वळून बघायला लागली. रेनेने तोंडावर हात धरला. सिग्नेने घास तोंडात कोंबला, पाहुणीसारखं हळूच नव्हे, गाल फुगवून. आणि भरल्या तोंडाने खोलीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या डेल्मरला ओरडून म्हणाली, "डेल्मर! मीठ कमी पडलंय! गुरुवारी नीट घाल. आणि जास्त कर, मला पुरलं नाही!"

लाव्हॉनचा तर आ वासला. असं चारचौघांत कुणी बोलतं का? पण डेल्मर! काय सांगू तुम्हाला! त्या दांडग्या गड्याचा चेहरा असा उजळला की तळघरातले दिवे फिके पडावेत. त्याने फावड्यासारखा हात वर केला आणि ओरडून म्हणाला, "मग मीठ तू घाल! मी बसतो खुर्चीत!"

आणि सगळं तळघर हसत सुटलं.

मित्रांनो, मी अजून कामावर आहे. मला सांभाळायला फार काही लागत नाही. तापलेला असेन तेव्हा गार पाण्याखाली धरू नका, तारेने खरवडू नका आणि काहीही झालं तरी मला सिंकखाली टाकू नका. आणि तुमच्यासाठी घरात कुणी रांधत असेल, तर त्याच्याशी पाहुण्यासारखं वागू नका. कच्चं राहिलं तर कच्चं म्हणा, आळणी झालं तर आळणी म्हणा. आणि तसं म्हटल्यावर ताट पुढे करायला विसरू नका.